मुक्तीनंतरच्या वर्षांचा हिशेब

मराठवाड्याच्या खेड्यांतील जुनी माणसे आपले वय सनावळीने सांगत नसत. 'रझाकारात मी पाळण्यात होतो', 'ॲक्शनच्या साली आमचे लग्न झाले', 'बहात्तरच्या दुष्काळात थोरला शाळेत जात होता' अशी त्यांची कालगणना असे. पुढे लातूर-उस्मानाबादच्या माणसांनी या गणनेत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची भर घातली. या पंचांगाकडे जरा बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यात आपत्तींना नावे आहेत. आपत्तीनंतर सावरण्यात गेलेल्या वर्षांना नाव नाही. 'रझाकार' आहे, 'ॲक्शन' आहे. परंतु ॲक्शननंतरची जी दहा-बारा वर्षे, ज्यांत आजचा मराठवाडा घडला, ती मात्र अनामिक राहिली आहेत.

हीच उणीव आपल्या समारंभांतही दिसते. दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. विष्णुपुरीच्या विद्यापीठाचा तर तो स्थापनादिनही आहे. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या भागासाठी १९९४ साली याच दिवशी हे विद्यापीठ स्थापन झाले आणि मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्याला देण्यात आले. त्या दिवशी ध्वज चढतो, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, भाषणे होतात. आणि ती भाषणे १७ सप्टेंबर १९४८ या तारखेशी येऊन थांबतात. १८ सप्टेंबरला काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

युद्धाने समाज बदलतो, असे म्हणण्याची रीत आहे. ते पुरते खरे नाही. युद्ध जुनी घडी मोडते. नवी घडी कशी बसते, हे नंतरच्या वर्षांत जमीन कोणाकडे गेली, शाळा कोणासाठी उघडली आणि सत्य किती सांगितले गेले, यावर ठरते. या तीन कसोट्यांवर आपल्या मुक्तीनंतरच्या वर्षांचा हिशेब मांडला पाहिजे. आणि तो आताच मांडला पाहिजे, कारण त्या काळाचे साक्षीदार संपत आले आहेत.

नावाने कारवाई, अनुभवाने युद्ध

भारत सरकारने त्या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हटले. राजनैतिकदृष्ट्या ते सोयीचे होते. प्रत्यक्षात मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली फौज सोलापूरच्या बाजूने संस्थानात शिरली, १३ सप्टेंबरला नळदुर्गला पहिली चकमक झाली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. लष्कराच्या दप्तरात हे पाच दिवसांचे प्रकरण आहे.

सामान्य माणसाच्या आयुष्यात मात्र ते युद्ध फार आधी सुरू झाले होते. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली ती १९४६ मध्ये. ऑगस्ट १९४७ नंतर स्टेट काँग्रेसचा लढा पेटला. सरहद्दीवरचे करोडगिरी नाके मोडले जाऊ लागले, उमरखेड-बार्शीच्या बाजूला सशस्त्र केंद्रे उभी राहिली आणि लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेडोपाडी दहशत बसविली. हजारो कुटुंबे घरदार टाकून वऱ्हाडात आणि सोलापूर-नगरकडे गेली. तेव्हा हा लढा एका सरंजामी राजवटीविरुद्ध होता, एका धर्माविरुद्ध नव्हता, याची साक्ष द्यायला एक नाव पुरेसे आहे. भारतात सामील होण्याची बाजू मांडणारा 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान याचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. त्याचे रक्त पानसऱ्यांच्या रक्ताइतकेच या मुक्तीच्या खात्यावर जमा आहे.

अशा दीर्घ भयातून बाहेर पडलेला समाज पुढे काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

जमिनीचा हिशेब

हैदराबाद संस्थानाचा जेमतेम साठ टक्के मुलूख दिवाणी, म्हणजे थेट सरकारी महसुलाचा होता. उरलेला निजामाच्या खासगी मालकीचा 'सर्फेखास' आणि जहागीरदारांचा. १९४९ मध्ये सर्फेखास सरकारात विलीन झाला आणि त्याच वर्षी जहागिरी रद्द करण्यात आल्या. शेकडो वर्षांची एक रचना वर्षभरात कोसळली. त्यापाठोपाठ १९५० चा कूळ कायदा आला. त्याने 'संरक्षित कूळ' हा हक्क निर्माण केला आणि कुळाला जमीन विकत घेण्याची वाट मोकळी केली. कागदावर पाहता, शांततेच्या काळात ज्याला पन्नास वर्षे लागली असती असा बदल युद्धाने दोन वर्षांत घडवून आणला.

परंतु कागद आणि बांध यांत अंतर असते. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी या सुधारणांच्या परिणामांची पाहणी केली. त्यांचा ग्रंथ १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीचे सार असे, की पन्नासच्या दशकाच्या आरंभी ज्या कुळांना संरक्षण मिळाले, त्यांतील निम्म्याहून कमी कुळे तीन-चार वर्षांनंतर त्या हक्काने टिकून होती. शंभरांतली बाराएक कुळे मालक झाली. आणि चाळीसच्या आसपास कुळांच्या हातून जमीन गेली. यांतील मोठा भाग बेकायदा हुसकावलेल्यांचा होता, आणि त्याखालोखाल 'स्वखुशीने' जमीन सोडून देणाऱ्यांचा! ज्याच्यापाशी पोटाला दुसरे साधन नाही, असा माणूस आपल्या कसत्या जमिनीवरचा हक्क स्वखुशीने सोडतो, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? तलाठ्याच्या दप्तरात मात्र ते बसले.

याच वर्षांत जपानमध्येही युद्धानंतरची जमीन सुधारणा चालू होती. तेथे १९४५ मध्ये सुमारे ४६ टक्के शेतजमीन कुळांकडून कसली जात होती. १९५० पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले. जपान पराभूत होता आणि आपण विजयी. तरी तेथील कूळ मालक झाले आणि आपल्याकडचे निम्मेही टिकले नाही. फरक कायद्याच्या भाषेत नव्हता. जपानात सरकारने जमीन स्वतः विकत घेऊन कुळांना दिली आणि त्या कामावर गावोगावी समित्या बसविल्या. त्यांत कुळांच्या प्रतिनिधींची संख्या जमीनदारांहून अधिक ठेवली. आपल्याकडे कुळाला हक्क दिला आणि तो मिळविण्याची जबाबदारीही त्याच्याच माथी मारली. समोर मालक, त्याचाच पाटील आणि त्याच्याच ओळखीचा गिरदावर.

कूळदेखील नसलेला जो भूमिहीन, त्याच्या वाट्याला तर तेवढेही आले नाही. दलित भूमिहीनांना १९५३ मध्ये मराठवाड्यात गायरान जमिनींसाठी सत्याग्रह करावा लागला, तुरुंगात जावे लागले. मुक्तीला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पुढे १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा नांदेड-परभणीच्या खेड्यांत दलितांच्या वस्त्या पेटविण्यात आल्या. विद्यापीठाच्या नावाचा वाद हे निमित्त होते. गायरानाचा, बलुत्याचा आणि मान वर करून चालण्याचा राग त्याखाली साचलेला होता. १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, गढीची सत्ता गेली नव्हती, हे तीस वर्षांनी पुन्हा दिसले.

शाळेचा आणि माणसांचा हिशेब

दुसऱ्या कसोटीवर मात्र मुक्तीनंतरच्या पिढीने डोळ्यांत भरण्यासारखे काम केले आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने सुरू झाले, ही भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याची मोठीच घटना होती. परंतु ती मराठी मुलाच्या भाषेची नव्हती. १९४८ पर्यंत संपूर्ण मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय म्हणजे औरंगाबादचे एक इंटरमीजिएट कॉलेज. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षरता शेकडा दहाच्याही आत भरली.

आणि अवघ्या दोन वर्षांत, १९५० मध्ये, दोन ठिकाणी दोन महाविद्यालये उभी राहिली. औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नांदेडमध्ये स्वातंत्र्यसैनिकांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. दोन महाविद्यालयांच्या नावांतला 'पीपल्स' हा समान शब्द त्या काळाचा स्वभाव सांगतो. संस्थानात जे राजाचे होते, ते आता लोकांचे व्हावयाचे होते.

या बदलाचे मोल माणसांच्या आयुष्यांत पाहावे. स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी शिकविले होते. लढ्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांपुढे सत्तेची दारे उघडी होती. काही त्या दारांतून गेले, आणि त्यांतल्या काहींनी तेथेही चांगले काम केले. परंतु कित्येकांनी दुसरी वाट धरली. गोविंदभाई श्रॉफ औरंगाबादच्या सरस्वती भुवन संस्थेच्या कामात आणि मराठवाड्याच्या विकासाच्या आंदोलनात आयुष्यभर राहिले. अनंतराव भालेरावांनी बंदुकीच्या जागी लेखणी घेतली आणि 'मराठवाडा' दैनिक घडविले. पुढच्या पिढीतील नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात शिकवू लागले आणि तेथेच प्राचार्य झाले. युद्धातून बाहेर पडलेल्या तरुणाला हत्यार खाली ठेवल्यावर हातात काय घ्यावे, हा प्रश्न जगभर पडतो. आपल्याकडे शेकडो जणांनी खडू घेतला. मराठवाड्याच्या मुक्तीतली ही सर्वांत उजळ ओळ आहे.

पण हिशेबाला दोन्ही बाजू असतात. याच वर्षांत एक सबंध लिहिता-वाचता वर्ग रात्रीतून निरक्षर झाला. कचेरीची भाषा उर्दू होती. ती जाऊन आधी इंग्रजी आणि मग मराठी आली. जो मुन्शी अर्ज लिहून देऊन घर चालवीत होता, त्याचे अक्षर सुंदर राहिले आणि त्याची गरज संपली. सात हाली म्हणजे सहा कळदार हे गणित ज्याच्या बोटांवर होते, त्या बाजारातल्या माणसाची हाली पन्नासच्या दशकात व्यवहारातून गेली. करोडगिरीचे नाके उठले आणि त्यांच्याबरोबर नाक्यावरच्या नोकऱ्याही. यांतले मुसलमान होते तसे हिंदूही होते. जुनी नाणी जाणे अपरिहार्य होते. परंतु त्या नाण्यांबरोबर फेकली गेलेली माणसे पुढे कशी जगली, याची नोंद आपण ठेवली नाही.

आणि त्यागाचेही नाणे होऊ शकते, हे आपण नंतर पाहिले. १९७२ मध्ये केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना आली. हेतू उचित होता. परंतु बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांचा प्रश्न इतका गंभीर झाला, की त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग नेमावा लागला. ज्या लढ्यात खऱ्या नावाने वावरणे धोक्याचे होते, त्या लढ्यात खोट्या नावाने सामील होण्याची अहमहमिका लागावी, याहून खेदजनक ते काय? ज्या समाजाने आपल्या इतिहासाची नोंद वेळेवर ठेवलेली नसते, तेथे प्रमाणपत्रच इतिहास होऊन बसते.

सत्याचा हिशेब

तिसरी कसोटी सर्वांत अवघड. रझाकारांच्या अत्याचारांविषयी आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु १८ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात जे घडले, त्याविषयी आपण तीन पिढ्या मौन पाळले आहे. नेहरूंच्या सरकारने १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांचे सदिच्छा मंडळ संस्थानात पाठविले. ते खेडोपाडी हिंडले. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही दोन नावे आहेत. दुसरी दोन गुलबर्गा व बीदर. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तेथील कच्छी व्यापाऱ्यांच्या भरभराटीच्या पेठेत वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू होत्या, असे हा अहवाल म्हणतो. काही ठिकाणी वर्दीतील माणसांचाही त्यात हात होता आणि इतर अनेक ठिकाणी सैन्याने मुसलमानांचे रक्षण केले, असे दोन्ही त्यात नोंदलेले आहे. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. तो जनतेच्या नजरेस यायला कित्येक दशके जावी लागली.

आकड्यांबद्दल वाद असू शकेल. अहवालाचा अंदाज तेव्हाच्या राज्यकर्त्यांतही सर्वांना मान्य नव्हता. परंतु काहीच घडले नाही, असे म्हणण्याइतका वाद असू शकत नाही. बहुतेक वेळा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, ते रझाकार नव्हते. रझाकारी करणारे बरेचसे आधीच पळाले होते; सापडला तो कारागीर, मजूर, दुकानदार.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे, आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती. हिंदू विणकरांनी आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुसलमान विणकरांना वाचविले, त्यासाठी प्रसंगी स्वतःचे प्राण दिले. पळविल्या गेलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्यात अनेक हिंदूंनी मदत केली. मागावर शेजारी बसणाऱ्या माणसाला शेजारच्याची किंमत कळली होती. रोजच्या कामाचे नाते जेथे घट्ट होते, तेथे ते सूडापुढे टिकले, हा समाजशास्त्राचा मोठा धडा आपल्याच जिल्ह्यांतला आहे. मौन पाळून आपण केवळ आपली लाज झाकली नाही. आपला अभिमानही पुरून टाकला.

'जुन्या जखमा कशाला उकराव्यात?' असा प्रश्न येथे येणारच. तो विचारणाऱ्यांत भली माणसे असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की जखम झाकल्याने भरली असती, तर ती एव्हाना भरली असती. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषी राजवट संपताच सत्य आणि समेट आयोग नेमला आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना उघड्यावर बोलावयास लावले. त्याने तेथील सारे प्रश्न सुटले नाहीत. परंतु काय घडले याविषयी खोटे बोलणे अवघड झाले. आपल्याकडे जे इतिहासात लिहिले गेले नाही, ते अफवांत राहिले आणि निवडणुका जवळ आल्या की सभांतून अर्धेमुर्धे बाहेर येऊ लागले. एक बाजू रझाकारांची आठवण काढते, दुसरी ॲक्शनची. आणि ज्यांच्या आजोबांनी एकमेकांना वाचविले, त्या दोन घरांतील तरुणांना ती गोष्ट ठाऊकच नसते. रझाकारांनी मारलेल्या माणसाची विधवा आणि ॲक्शननंतर मारल्या गेलेल्या माणसाची विधवा यांच्या दुःखाला इतिहासाच्या वहीत दोन वेगळी पाने देता येतील. एक पान फाडता येणार नाही.

आता काय करावे

काम अवघड असले, तरी अस्पष्ट नाही. १९४८ मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहे. अशी माणसे नांदेड-लातूरच्या खेड्यांत अजून आहेत. विष्णुपुरीच्या विद्यापीठाशी या भागातील महाविद्यालये जोडलेली आहेत आणि त्यांत शिकणारी मुले याच खेड्यांतून येतात. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका वृद्धाचे कथन नोंदवून आणले, तर एका वर्षात असा संग्रह उभा राहील, की जो कोणत्याही सरकारी गॅझेटियरमध्ये सापडणार नाही. प्रश्न साधे असावेत: तेव्हा तुमच्या घरी कोण होते, जमीन कोणाची होती, कोण गेले, कोण परतले, कोणी कोणाला वाचविले, शाळा कधी आली. आजीला आवर्जून विचारावे. कारण समारंभात बोलायला बोलाविले गेले ते बहुधा आजोबाच.

दुसरे काम कागदांचे. २०२३ मध्ये आरक्षणाच्या निमित्ताने निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमण्यात आली, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागली. दप्तरे होती, वाचणारे विरळ झाले होते. दाखल्यासाठी जे कागद आपण उघडले, ते ज्ञानासाठीही उघडावेत. कूळ कोण होते, कोणत्या वर्षी त्याचे नाव गेले, 'स्वखुशी' कोणाची होती, हे सारे त्या बस्त्यांत आहे. मोडी आणि उर्दू लिपीचे वर्ग प्रत्येक महाविद्यालयात चालविणे हे काही न पेलणारे काम नव्हे.

स्वामीजींनी लढा चालविला तो निर्भयतेच्या बळावर, असे आपण दर १७ सप्टेंबरला म्हणतो. तेव्हा निर्भयता म्हणजे निजामाच्या पोलिसांसमोर उभे राहणे होते. आज ती आपल्याच गावाच्या आठवणीसमोर उभे राहण्यात आहे. येत्या मुक्तिदिनी ध्वज चढल्यावर एखाद्या महाविद्यालयाने भाषणाऐवजी एका वृद्ध शेतकऱ्याला आणि एका वृद्ध विणकराला शेजारी बसवून १८ सप्टेंबर १९४८ ची सकाळ कशी होती, एवढेच विचारावे. मुले ऐकतील, आणि मुक्तीनंतरच्या त्या निनावी वर्षांना निदान एका गावात तरी नाव मिळेल.